वाकडा कोपरा आणि चौकोनी फरशी



या मालिकेत आपण आतापर्यंत किल्ले, वेढे आणि लढाया यांच्याबद्दल बरेच बोललो. आजचा विषय घरातला आहे. घरातली सगळ्यांत लहान खोली घेऊ या, न्हाणीघर. पाच फूट बाय सात फूट, काही घरांत चार बाय सहा. एका कोपऱ्यात पाइपांचा शाफ्ट पुढे आलेला असतो, दुसऱ्या कोपऱ्यात कॉलमचा खांदा भिंतीबाहेर डोकावत असतो, दार नेमके अडचणीच्या जागी असते. आणि या सगळ्या वाकड्या जागेत आपल्याला काटकोनातल्या, कारखान्यात कापलेल्या टाइल बसवायच्या असतात.

यात इतिहास कसला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की सरळ तुकडा वाकड्या जागेत कसा बसवायचा हा माणसाच्या फार जुन्या प्रश्नांपैकी एक आहे. त्यावर विटा पाडणाऱ्यांनी, यज्ञाची वेदी रचणाऱ्यांनी, बगदादच्या गणितज्ञांनी आणि लष्करी इस्पितळे बांधणाऱ्यांनी डोके चालवले आहे. त्यांची उत्तरे आजही कामाची आहेत. मी इंजिनिअर नाही, पायदळातला माणूस आहे. पण आम्हाला पहिल्या वर्षी एक गोष्ट घोटून शिकवली जाते: रेकी आधी, हुकूम नंतर. जमीन न बघता केलेला प्लॅन कागदावरच चांगला दिसतो. फरशीच्या बाबतीतही नेमके हेच खरे आहे.

पाणी आधी, फरशी नंतर

सुरुवात मोहेंजोदारोपासून करू. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी तिथे उत्खनन सुरू केले. पुढे जॉन मार्शल आणि अर्नेस्ट मॅके यांच्या काळात शहराचे मोठे भाग उघडे झाले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या घरांत अभ्यासकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बहुतेक घरांत अंघोळीसाठी विटांचा एक छोटा ओटा होता, आणि तो घरात कुठेही टाकलेला नव्हता. तो रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला लागून असे, म्हणजे पाणी भिंतीतून सरळ रस्त्यावरच्या गटारात जाई.

त्या ओट्याच्या विटा बघण्यासारख्या आहेत. बाकी भिंतींना साधी वीट चालली, पण अंघोळीच्या जागी विटा घासून, कडा सरळ करून इतक्या जवळ बसवल्या आहेत की दरज अगदी बारीक राहते. कडेने विटा उभ्या लावून काठ केला आहे. आणि सगळी जमीन एका कोपऱ्याकडे उतरती आहे, तिथे पाणी जायचे भोक. म्हणजे कोपरा ही त्यांच्या दृष्टीने अडचण नव्हतीच. कोपऱ्याला त्यांनी काम दिले होते.

तिथल्या प्रसिद्ध महास्नानगृहातही हाच विचार मोठ्या मापात आहे. ते कुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. विटा कडेवर उभ्या रचून जिप्समच्या चुन्यात बसवलेल्या. त्यांच्या मागे डांबराचा थर, म्हणजे आजच्या भाषेत वॉटरप्रूफिंग. तळाचा ढाळ नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे, तिथून पाणी मोठ्या विटांच्या मोरीत. वरची वीट कितीही सुरेख बसली तरी ती पाणी अडवते असे त्यांनी गृहीत धरले नाही. पाणी अडवणारा थर वेगळा आणि दिसणारा थर वेगळा, ही समज तेव्हाच होती.

त्या विटेचे माप पाहा. जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४. साधारण ७, १४ आणि २८ सेंटिमीटर. याचा फायदा काय? दोन विटा आडव्या ठेवल्या की एका उभ्या विटेची लांबी भरते. त्यामुळे कोपरा वळताना तोडमोड कमी करावी लागते. आणि विहीर गोल बांधायची असेल तेव्हा त्यांनी चौकोनी वीट तोडत बसण्यापेक्षा पाचरीच्या आकाराच्या विटाच पाडल्या. जागेचा आकार वेगळा असेल तर तुकडाही आधीच वेगळा तयार करायचा.

आमच्या गुजरातेत लोथलला शि. रं. राव यांनी १९५५ पासून उत्खनन केले. तिथे वरच्या वस्तीत न्हाणीच्या जागा ओळीने आहेत, त्यांचे पाणी एका सलग मोरीत जाते. बडोद्याहून सकाळी निघालात तर दिवसाभरात बघून परत येता येते. गोदी बघायला सगळे जातात, मोऱ्या बघायला थांबा असे मी आवर्जून सांगतो.

दोरी, खुंट्या आणि तुटकी वीट

यानंतर शुल्बसूत्रे. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायन, आपस्तंब यांची ही सूत्रे यज्ञाच्या वेद्या कशा आखाव्यात हे सांगतात. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. शाळेत आपण पायथागोरसचा सिद्धांत शिकतो, तो बौधायनाच्या सूत्रांत आयताच्या कर्णाच्या भाषेत दिलेला आहे. ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८ अशा बाजूंची उदाहरणेही आहेत.

आजचा गवंडी हेच करतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट, दुसऱ्या भिंतीवर चार फूट खूण करतो आणि तिरके माप पाच फूट भरते का ते बघतो. भरले तर कोपरा गुण्यात आहे. कमी किंवा जास्त आले तर भिंत फिरलेली आहे. बौधायनाचे नाव त्याने ऐकलेले नसेल, पण दोरी तीच आहे.

या सूत्रांतला आपल्या विषयाला सगळ्यांत जवळचा भाग म्हणजे श्येनचिती, पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची वेदी. विचार करा, वीट सरळ रेषेची आणि बाहेरचा आकार पक्ष्याचा. पंख वाकलेले, शेपूट पसरट, डोके पुढे. क्षेत्रफळ ठरलेले. पाच थर, प्रत्येक थरात २०० विटा. वर आणखी एक अट: वरच्या थराची दरज खालच्या थराच्या दरजेवर येता कामा नये. म्हणून पहिला, तिसरा आणि पाचवा थर एका रचनेचा, दुसरा आणि चौथा वेगळ्या रचनेचा.

हे कोडे त्यांनी कसे सोडवले? वीट जागेवर फोडून नव्हे. तुटकी वीट वेदीला चालत नाही असा दंडक होता. त्यांनी आधी हिशेब केला, चौरस किती, आयत किती, कर्णावर कापल्यासारख्या त्रिकोणी किती, आणि तेवढ्या प्रत्येक आकाराच्या विटा पाडून भाजल्या. वाळताना आणि भाजताना वीट आकसते, ती तूट कशी भरून काढायची याचाही विचार या ग्रंथांत आहे. १९७५ साली केरळात पांजाळ इथे नंबुद्री ब्राह्मणांनी केलेल्या अग्निचयनाचे फ्रिट्स स्टाल यांनी चित्रण करून ठेवले आहे. पक्ष्याची वेदी प्रत्यक्ष कशी रचली जाते हे त्यात दिसते.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मी इथे फक्त नियोजन बघतो. हजार विटांचे काम पहिली वीट ठेवण्याआधी कागदावर, किंबहुना डोक्यात आणि दोरीवर, पूर्ण झालेले होते.

कारागीर आणि गणितज्ञ समोरासमोर

दहाव्या शतकात बगदादला अबुल वफा बूझजानी नावाचे मोठे गणितज्ञ होते. जन्म ९४० साली खुरासानात. त्यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यात ते एका बैठकीबद्दल सांगतात, जिथे कारागीर आणि भूमितीचे जाणकार एकत्र बसले होते. प्रश्न साधा होता. तीन सारखे चौरस आहेत. ते कापून, जोडून एकच मोठा चौरस करायचा, तुकडा वाया न घालवता.

गणितज्ञ मोठ्या चौरसाची बाजू किती हे लगेच सांगू शकत, पण कुठे कापायचे ते सांगू शकत नव्हते. कारागीर कापून दाखवत, डोळ्याला चौरस दिसेही, पण हिशेबाने तो थोडा चुकलेला असे. अबुल वफांनी दोघांनाही त्यांची उणीव दाखवली आणि मग रीत दिली. दोन चौरस कर्णावर कापा, चार त्रिकोण मिळतील. ते तिसऱ्या चौरसाच्या चार बाजूंना, त्रिकोणाची लांब बाजू चौरसाला लावून, एकाच दिशेने सरकवून ठेवा. त्रिकोणांची काटकोनी टोके सरळ रेषांनी जोडा. रेषेबाहेर आलेले तुकडे आतल्या रिकाम्या जागांत बरोबर बसतात. कागद आणि कात्री घेऊन करून पाहा, नातवंडांना फार आवडते.

मला या प्रसंगात महत्त्वाचे वाटते ते हे, की एवढा विद्वान माणूस गवंड्या-सुतारांच्या बैठकीत बसला, त्यांचे म्हणणे त्याने ऐकले आणि लिहून ठेवले. आपल्याकडे आजही आर्किटेक्ट ड्रॉइंग पाठवतो, मिस्त्री ते गुंडाळून ठेवतो आणि मनाने काम करतो. दोघे त्या पाच बाय सातच्या खोलीत अर्धा तास एकत्र उभे राहत नाहीत. बगदादची बैठक आपल्या बाथरूममध्ये अजून व्हायची आहे.

बिदरचा मनोरा आणि इस्फहानचे वळण

आता थोडे घराजवळ या. बिदरला महमूद गावानचा मदरसा आहे, १४७२ च्या सुमारास बांधलेला. गावान इराणातून आलेला बहमनी वजीर, आणि बांधकामही इराणी वळणाचे. त्याचा एक मनोरा अजून उभा आहे. १६९६ साली, तिथे औरंगजेबाच्या फौजेचा मुक्काम असताना, आत साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावर रंगीत टाइलांची नागमोडी, तिरकस पट्ट्यांची नक्षी दिसते.

मनोरा गोल आहे. गोल पृष्ठभागावर मोठी सपाट टाइल लावली तर तिच्या कडा उचललेल्या राहतात. म्हणून तुकडे लहान आणि पट्टे तिरके. नजर पट्ट्याबरोबर वर चढते आणि दरजांकडे लक्ष जात नाही. लहान बाथरूममध्ये जिथे जमीन चारही बाजूंनी जाळीकडे उतरवायची असते, तिथे हाच नियम लागू आहे. दोन फुटांची टाइल चार दिशांना वाकत नाही. चार इंचांची टाइल तो ढाळ सहज पकडते.

दुसरे उदाहरण इराणातलेच. शाह अब्बासने इस्फहानच्या मोठ्या मैदानाच्या दक्षिण टोकाला १६११ पासून मशीद बांधायला घेतली. अडचण अशी, की मैदान एका दिशेला आणि मक्का दुसऱ्या दिशेला. दोन्हींत जवळपास ४५ अंशांचा फरक. मैदानाशी जुळवून घेतले तर किब्ला चुकतो, किब्ल्याशी जुळवले तर मैदानाची शोभा जाते.

वास्तुकारांनी प्रवेशद्वार मैदानाकडे तोंड करून ठेवले आणि मुख्य मशीद मक्केकडे फिरवली. मधल्या देवडीत माणूस चालता चालता वळतो. तिरकी जागा गेली कुठे? भिंतींच्या जाडीत आणि मधल्या बोळांत, जिथे कोणी थांबून मोजत नाही. समोर दिसणाऱ्या दोन्ही बाजू मात्र पूर्ण, सममित आणि निळ्या टाइलांनी मढवलेल्या.

लहान बाथरूममध्ये वाकडेपणा नाहीसा करता येत नाही. तो कुठे ठेवायचा एवढेच आपल्या हातात असते. दार उघडल्यावर जी भिंत समोर दिसते तिथे पूर्ण टाइल हव्यात. निमुळता, पाचरीसारखा तुकडा दाराच्या मागे, बादलीच्या कोपऱ्यात किंवा बेसिनखाली जावा.

गोल कोपरा आणि दर हजारी ६९

आता माझ्या पेशाशी संबंधित भाग. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारने भारतातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमले. १८५९ साली नेमणूक, १८६३ साली अहवाल. त्यातला आकडा आजही अंगावर येतो: भारतातल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर वर्षाला दर हजारी ६९. यातले बहुतेक लढाईत मेले नव्हते. ताप, हगवण आणि पटकी यांनी मेले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत, पण या कमिशनकडे आलेल्या माहितीचा अभ्यास करून त्यांनी बराकी, पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांवर बोट ठेवले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगजंतूंचा सिद्धांत मान्य झाला आणि इस्पितळांच्या भिंती बदलल्या. पाणी न शोषणारी, धुता येणारी, पांढरी, चकचकीत टाइल आली. मळ लगेच दिसावा म्हणून पांढरी. मग प्रश्न उरला कोपऱ्याचा. भिंत आणि जमीन जिथे काटकोनात मिळतात तिथे फडके पोचत नाही, घाण साठते. म्हणून शस्त्रक्रियेच्या खोल्यांत आणि वॉर्डांत तो कोपरा गोल केला गेला. त्यासाठी आतून गोलाई असलेल्या खास टाइल निघाल्या, बाहेरच्या धारेसाठी गोल कडेच्या टाइल निघाल्या. विहिरीसाठी वेगळी वीट पाडणाऱ्यांचाच हा विचार, नव्या कारणासाठी.

आपल्याकडे मुंबईचे वॉटरप्रूफिंगवाले टाइलखाली भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर सिमेंटचा जो गोल उतार करतात त्याला वाटा म्हणतात. उत्तरेकडचे मिस्त्री गोला म्हणतात. टाइल बसल्यावर तो दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच तो वगळला जातो.

सरळ टाइल, वाकडी भिंत

१८४० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसरने कोरड्या मातीची भुकटी दाबून वस्तू घडवायची पद्धत पेटंट केली. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने ती टाइलांसाठी वापरली. आता प्रत्येक टाइल दुसरीसारखी, सरळ आणि सपाट निघू लागली. मिंटनच्या टाइला जहाजातून इथेही आल्या. मुंबईच्या अफगाण चर्चमध्ये, पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मारकात, त्या आजही पायाखाली आहेत.

या सुधारणेचा एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. हाताने घडवलेली टाइल स्वतःच थोडी वेडीवाकडी असते, त्यामुळे भिंतीचा वाकडेपणा तिच्यात मुरतो. यंत्राची टाइल सरळ असते, त्यामुळे भिंतीची अर्ध्या इंचाची चूकही शेवटच्या ओळीत उघडी पडते. टाइल जितकी मोठी आणि नेमकी, तितका कोपरा अधिक अवघड.

यावर जुन्या घरांत एक सुंदर उपाय होता. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, मुंबईत सिधवा काका-पुतण्यांनी भारत टाइल्सची सुरुवात केली. दक्षिणेत चेट्टिनाडमध्ये आत्तंगुडीच्या टाइला होत्या. मुंबई, कोलकाता किंवा कारैकुडीचे एखादे जुने घर आठवा. खोलीच्या मध्ये नक्षीचा गालिचा, भोवती किनार, किनारीच्या कोपऱ्यांत खास कोपऱ्याची टाइल, आणि किनारीबाहेर भिंतीपर्यंत साध्या एकरंगी लाद्या. त्या साध्या पट्टीत सगळी कापाकाप व्हायची. भिंत दोन इंच फिरलेली असली तरी नक्षीला धक्का लागत नसे. वाकडेपणासाठी जागा आधीच राखून ठेवलेली होती.

आपले न्हाणीघर

आता हे सगळे आपल्या पाच बाय सातमध्ये आणू. आधी यात पणाला काय लागते ते सांगतो.

एका वसाहतीतला प्रसंग मी जवळून पाहिला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधून दुसऱ्या मजल्याच्या छतात पाणी उतरत होते. दोन्ही घरे निवृत्त लोकांची, वीस वर्षांचा शेजार. आधी निरोप, मग तक्रार, मग सोसायटीची मीटिंग, मग वकिलाची नोटीस. सणावारी ताट देणेघेणे बंद झाले. खालच्या घरातल्या आजी ओल्या फरशीवरून घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शेवटी वरची फरशी उखडली तेव्हा दोष सापडला. शाफ्टच्या कोपऱ्यात जेमतेम दोन बोटे रुंदीचे चार तुकडे लावलेले, त्यांच्या दरजा फुटलेल्या, आणि खाली वाटा नव्हताच. जाळीही त्या कोपऱ्याच्या विरुद्ध बाजूला, त्यामुळे पाणी तिथेच साचायचे. ज्या ठेकेदाराने ते काम केले होते त्याने अर्ध्या दिवसाचा विचार वाचवला. त्याची किंमत दोन घरांनी मोजली.

तो अर्ध्या दिवसाचा विचार असा.

पहिले, पाणी. जाळी कुठे, ढाळ कुठून कुठे, हे टाइल निवडण्याआधी ठरवा. भारतभर प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात, तो शब्द आपल्या न्हाणीशी नाते सांगणारा आहे. शक्य असेल तर ट्रॅप कोपऱ्याजवळ आणि दारापासून लांब ठेवा. नळाखालच्या जागेत फुटाला पाव इंच ढाळ पुरतो. वॉटरप्रूफिंग आणि वाटा झाल्यावर पाणी भरून किमान २४ तास ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांना छत बघायला सांगा. ही विनंती आधी केली की नंतर नोटीस येत नाही.

दुसरे, रेकी. चारही भिंती खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी मोजा. दोन्ही कर्ण मोजा. तीन-चार-पाच करून बघा. ओळंबा सोडा. शाफ्ट आणि कॉलम किती पुढे आले आहेत ते लिहा. कागदावर नकाशा काढा, मनात ठेवू नका.

तिसरे, हिशेब. समजा भिंत १२६० मिलिमीटर आहे, चार फुटांहून थोडी जास्त. टाइल ३०० ची, दरज ३ ची. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर चार पूर्ण टाइल आणि चार दरजा मिळून १२१२ होतात. उरतात ४८ मिलिमीटर. हीच ती दोन बोटांची पट्टी. तिला पकड मिळत नाही आणि ती आधी सुटते. त्याऐवजी मध्ये तीन पूर्ण टाइल ठेवा. तीन टाइल आणि चार दरजा मिळून ९१२. उरले ३४८, दोन्ही बाजूंना १७४ चे तुकडे. दोन्ही तुकडे अर्ध्या टाइलपेक्षा मोठे, दोन्ही कोपरे सारखे. टाइल एकच जास्त कापावी लागते.

चौथे, कोरडी मांडणी. सिमेंट न लावता टाइल जमिनीवर मांडून बघा, शाफ्टच्या कोपऱ्यासह. शाफ्टच्या बाहेरच्या धारेवर पूर्ण टाइलची कड यावी. नळाची भोके शक्यतो दरजेवर किंवा टाइलच्या मध्यावर यावीत. एल आकाराचा कट टाळता आला तर टाळा, त्याच्या आतल्या कोपऱ्यातून तडा जातो. टाळता आला नाही तर त्या आतल्या कोपऱ्याला आधी छोटे गोल भोक पाडून मग कापायला सांगा.

पाचवे, आतले कोपरे. भिंत आणि भिंत, भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे कडक ग्राउट भरू नका. इमारत थोडी हलते, कडक दरज तिथेच फुटते. तिथे लवचिक सीलंट हवा. आणि भिंतीची सर्वांत खालची टाइल जमिनीच्या टाइलवर येऊ द्या, म्हणजे भिंतीवरून उतरणारे पाणी दरजेत न जाता फरशीवर पडते.

सहावे, माणूस. मोरबीची टाइल आज देशभर जाते. ती बसवणारा मिस्त्री राजस्थान, बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो आणि चौरस फुटावर पैसे घेतो. चौरस फुटाच्या दरात कोपऱ्याचा विचार बसत नाही. मोठ्या हॉलची सरळ फरशी आणि बाथरूमचे चार कोपरे यांना एकच दर लावला तर तो घाई करणारच. मोजमाप आणि कोरडी मांडणी यांसाठी त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी वेगळी द्या. त्याला विचारा, "भाई, हा कोपरा तुम्ही कसा घ्याल?" उत्तर ऐका. तो बहुतेक वेळा तुम्हाला न सुचलेली गोष्ट सांगेल.

मोहेंजोदारोचा तो ओटा कोणी घासून बसवला, बिदरच्या मनोऱ्यावर नागमोडी पट्टे कोणी चढवले, त्यांची नावे आपल्याकडे नाहीत. महमूद गावान आणि शाह अब्बास आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या घरात काम करणाऱ्या माणसाचे नाव विचारून घ्यायला मात्र काही अडचण नाही. मी तर सुचवीन की नकाशा, टाइलचा नंबर, ट्रॅपची जागा, तारीख आणि मिस्त्रीचे नाव एका कागदावर लिहून घराच्या फाइलमध्ये ठेवा. वीस वर्षांनी कोणी फरशी उखडायला येईल तेव्हा त्याची रेकी अर्धी झालेली असेल.

या आठवड्याचे काम सांगतो. आपल्या बाथरूममध्ये जा. एक तांब्या पाणी दाराजवळ ओता आणि ते कोणत्या वाटेने जाते, कुठे थांबते ते बघा. जिथे थांबते तो तुमचा वाकडा कोपरा. तिथली दरज नखाने तपासा, काळी किंवा मोकळी असेल तर पावसाळ्याआधी दुरुस्त करून घ्या. घरात वयस्कर माणूस असेल तर हे काम आजच करा.

पुढच्या भागात आपण पुन्हा किल्ल्यावर जाऊ. विषय पाण्याचाच आहे, गडावरची टाकी. तोपर्यंत रजा घेतो.

जय हिंद.